आईबापांची वस्त्रे आणि लेकरांचे डोळे

गुरुदीक्षा मिळून आम्हांस पुरती चार वर्षेही झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. भंडारा जिल्ह्यातील एका धर्मग्रामात आमची नेमणूक होती. धर्मग्रामाच्या वसतिगृहात आसपासच्या खेड्यांतील मुले राहून शिकत. एका रविवारी पालकांना बोलावले होते. दुपारच्या उन्हात एक माता सात-आठ किलोमीटर चालत आली. धानाच्या रोवणीचे दिवस होते. चिखलाने धारेवर डागळलेले, पण स्वच्छ धुतलेले नऊवारी लुगडे, पायांत काही नाही, आणि पदराच्या गाठीत लेकरासाठी बांधून आणलेले मुरमुरे. तिचा मुलगा सातवीत होता. सोबत्यांनी विचारले, "कोण रे ही?" मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "शेजारीण आहे. आईने पाठवली."

ती माता हे ऐकत उभी होती. आम्हीही ऐकत होतो. त्या मुलास आम्ही नंतर चांगलेच फैलावर घेतले. चौथी आज्ञा समजावून सांगितली. संध्याकाळी त्या मातेची क्षमा मागावी म्हणून तिच्यापाशी गेलो, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "त्याचा का दोष जी, फादर? लेकरू जे पायते, तेच शिकते."

ते शब्द आम्हांस लागले, कारण त्या लेकराने काय पाहिले होते ते आम्हांस ठाऊक होते. मागल्याच महिन्यात धर्मग्रामाचा सण झाला होता. पुढच्या बाकांवर कोणाला बसवायचे हे आम्हीच ठरवले होते, आणि ते कपड्यांकडे पाहूनच ठरवले होते. परीटघडीचे सदरे आणि जरीच्या साड्या पुढे, लुगडी आणि धोतरे मागे. प्रवचनातही 'नीटनेटक्या कुटुंबांचे' कौतुक केले होते. चौथी आज्ञा शिकवणारे आम्ही आणि आईची लाज शिकवणारेही आम्हीच. तेव्हापासून आईबापांच्या वस्त्रांचा व त्यातून लेकरांना मिळणाऱ्या धड्याचा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. ख्रिस्तसभेचा आहे, महाराष्ट्राचा आहे आणि आपल्या भंडारा-नागपूरच्या मातीचाही आहे. त्यातील थोडा भाग वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न.

आपल्या मातीतले वस्त्र

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो विणकरांचाही जिल्हा आहे. मोहाडी, आंधळगाव, पवनी या गावांत कोष्टी समाजाचे हातमाग पिढ्यानपिढ्या चालत आले. जंगलातील ऐनाच्या झाडांवर कोसा पिकवायचा, आणि हे काम मुख्यत्वे ढिवर समाजाने करायचे. त्या कोशाच्या धाग्यातून विणकरांनी करवतकाठी साडी विणायची. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी काठावर येते म्हणून ती करवतकाठी. काठाचा रंग अंगात आणि अंगाचा रंग काठात मिसळू नये म्हणून तीन धोट्यांनी विणकाम करावे लागते. कसब आणि संयम या दोहोंची परीक्षा पाहणारी ही कला आहे.

ज्या हातांनी कोसा वेचला त्या हातांच्या धनिणीला मात्र ते वस्त्र क्वचितच नेसायला मिळाले. वस्त्र हे केवळ अंग झाकण्यासाठी नव्हते. कोण कोणत्या घरचा, कोणी कोणापुढे वाकायचे, हे दुरूनच कळावे यासाठीही ते होते. लुगड्याचा काठ, ते गुडघ्यापर्यंत खोचले आहे की पायघोळ सोडले आहे, हातांत चांदी आहे की कथील, डोक्यावर पागोटे आहे की नुसते फडके, यांवरून माणसाची पायरी ठरे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले, तेव्हा हातमागाच्या पोटावर पाय आला हे खरेच. पण त्याच स्वस्त कापडाने गरिबाच्या अंगावर दुसरे वस्त्र आले हेही तितकेच खरे. इतिहास असा दुहेरी असतो.

या समाजरचनेत लेकरू जन्माला येई. अक्षरे वाचण्यापूर्वी ते आईबापांची वस्त्रे वाचे. मालगुजाराच्या दारी जाताना बाप पायांतले जोडे काढून हातात घेतो, काखेतला दुपट्टा कमरेला बांधतो, हे त्याला दिसे. ते पाहूनच, कोणी न शिकवता, आपण कोण आहोत हे ते शिकून जाई. त्या मातेचे म्हणणे याहून वेगळे ते काय होते?

ख्रिस्तसभेचा जुना आवाज

वस्त्रांविषयी ख्रिस्तसभा काय सांगत आली, असे विचारले की आपल्याकडे पुष्कळांना फक्त स्त्रियांना केलेली ताकीद आठवते. संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला उतारा आणि संत पेत्राच्या पहिल्या पत्रातला उतारा आपण प्रवचनांतून वारंवार ऐकतो. ते उतारे नीट वाचले तर लक्षात येते की प्रेषितांचा कटाक्ष सोने, मोती आणि मोलवान वस्त्रे यांवर आहे. म्हणजे प्रश्न जितका अंग झाकण्याचा, तितकाच, किंबहुना अधिक, संपत्तीच्या प्रदर्शनाचा आहे. ज्या भगिनीने दहा हजारांची साडी नेसून पदर डोक्यावर घेतला तिला हा उतारा लागू होत नाही, आणि जिचा पदर मजुरी करताना ढळला तिलाच तो लागू होतो, असे मानणे म्हणजे प्रेषितांचे शब्द उलटे वाचणे होय.

इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट याने नव्या ख्रिस्ती लोकांसाठी 'शिक्षक' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात खाणे, पिणे, बोलणे यांबरोबर पोशाखाचाही विचार आहे. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस संत योहान क्रिसोस्तोम याने पोकळ मोठेपणा आणि मुलांचे संगोपन या विषयावर एक छोटा ग्रंथ लिहिला. आमच्या विषयाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे, कारण त्यात तो आयांना नव्हे, तर प्रथम बापांना धारेवर धरतो. मूल जन्मले की बापाला काय सुचते? त्याला वळण कसे लावावे हे सुचत नाही. सोन्याने कसे मढवावे, भारी कपडे कसे चढवावेत, हे सुचते. मुलाचे केस लांब वाढवायचे, कानांत सोने घालायचे. अशा रीतीने लहानपणीच त्याच्या जिवाला थाटाची चटक लावून द्यायची. मग मोठेपणी तो थाटामागे धावला म्हणून रडायचे. चित्रकार आणि मूर्तिकार आपल्या कृतीवर जशी बारकाईने मेहनत घेतात, तशी आईबापांनी लेकरांच्या आत्म्यावर घ्यावी, असे त्याचे सांगणे आहे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या अंत्युखियातला हा बाप आणि आज प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराच्या दिवशी लेकीच्या झग्यासाठी कर्ज काढणारा आपला बाप, यांत फार अंतर नाही.

आपल्या नागपूर महाधर्मप्रांताला तर याविषयी आणखी जवळचा गुरू लाभला आहे. १८३८ साली सवॉय प्रांतातील आन्सी येथे फादर पियेर मेर्मिए यांनी संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापन केला. त्या संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून त्यांचे कार्य नागपूर-कामठीपर्यंत पोहोचले. १८८७ साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, १९५३ साली महाधर्मप्रांत झाला. नागपूरचे कॅथेड्रल आजही याच संताच्या नावाने उभे आहे आणि आपला भंडारा जिल्हा याच महाधर्मप्रांतात मोडतो.

या संताने १६०९ साली प्रपंचात राहणाऱ्या सामान्य भाविकांसाठी भक्तिमय जीवनाचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या भागात पोशाखावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. हा बिशप कोणाला गोणपाट नेसायला सांगत नाही. तो म्हणतो त्याचा आशय असा, की भाविक माणसाचा पोशाख चारचौघांत सर्वांत नीट असावा, मात्र त्यात डौल आणि दिखावा सर्वांत कमी असावा. स्वच्छतेवर त्याचा विशेष भर आहे. फाटके, मळके आणि गबाळे राहणे हे तो भक्तीचे लक्षण मानत नाही, तर आपल्या सोबत्यांविषयीचा अनादर मानतो. फ्रान्सचा राजा संत लुई याचा दाखला देऊन तो सांगतो, की शहाण्या आणि भल्या माणसांना फार वाटू नये आणि तरुणांना कमी वाटू नये असा पोशाख करावा. आमच्या मते पालकांसाठी याहून शहाणा सल्ला शोधून सापडणार नाही. यात धाक नाही, लाजही नाही. समोरच्या माणसाचा आदर आहे.

जेथे आपण चुकलो

ख्रिस्तसभेच्या इतिहासात वस्त्रांवरून झालेल्या चुकाही आहेत. त्या झाकून ठेवण्यात आपले भूषण नाही. १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांनी आपल्या पूर्वीच्या चालीरीती सोडाव्यात म्हणून त्यात लांबलचक यादी दिली होती. पुरुषांनी धोतर नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, असाही हुकूम त्यात होता. धोतर नेसलेल्या बापाला आपल्या लेकरादेखत धर्माच्या नावाने गुन्हेगार ठरवले गेले. लेकरू त्यातून काय शिकले असेल? आपल्या आजोबांचे वस्त्र पाप आहे, आणि परक्याचे वस्त्र म्हणजे पुण्य!

हा हुकूम निघण्याच्या कितीतरी आधी रोमने वेगळीच शिकवण दिली होती, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. १६०६ साली मदुराईस आलेल्या फादर रॉबेर्तो दे नोबिली यांनी थोड्याच काळात काळा झगा उतरवून संन्याशाची भगवी वस्त्रे धारण केली. त्यावरून मोठा वाद पेटला. अखेर १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी तेथील नवख्रिस्ती लोकांना जानवे, गंध इत्यादी चिन्हे, अंधश्रद्धेचा भाग वगळून, वापरण्यास मुभा दिली. पुढे १६५९ साली रोममधील धर्मप्रसार मंडळाने पूर्वेकडे जाणाऱ्या बिशपांना स्पष्ट सूचना दिली, की श्रद्धा न्या, पण आपला देश आणि आपल्या देशाच्या चाली तेथे नेऊ नका.

आपल्या वसईकडे पाहावे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे तेथे पोर्तुगीज राज्य होते. तरीही तेथील शेतकरी ख्रिस्ती मातांनी आपले लाल चौकड्यांचे लुगडे सोडले नाही. कासोटा घालून वाडीत राबणाऱ्या त्या माता त्याच लुगड्यात मिस्साला आल्या, त्याच लुगड्यात त्यांनी लेकरांना क्रुसाची खूण करायला शिकवले. श्रद्धेसाठी वस्त्र बदलावे लागत नाही, हा धडा त्यांनी एकही प्रवचन न देता दिला. आज सणासुदीला नाती आजीचे लुगडे पेटीतून काढून हौसेने नेसतात, ते याच धड्याचे फळ आहे.

दुसरीकडे, वस्त्र बदलण्याचा हक्क हाच माणुसकीचा हक्क ठरला, असेही घडले. दक्षिणेतील त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांना उच्चवर्णीयांपुढे छाती झाकण्याची मुभा नव्हती. ख्रिस्ती झालेल्या मातांनी अंग झाकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची वस्त्रे बाजारात फाडली गेली. १८२०च्या दशकापासून चाललेला हा झगडा २६ जुलै १८५९ रोजी महाराजांनी जाहीरनामा काढून अंग झाकण्यास परवानगी दिली तेव्हा बराचसा निवळला. त्या मातांनी मारहाण सोसली ती नटण्यासाठी नव्हे. आपल्या लेकींना मान खाली घालून जगावे लागू नये, एवढ्यासाठी ती सोसली.

महाराष्ट्राचे तीन गुरू

आपल्या महाराष्ट्रात वस्त्राचा धडा देणारे तीन थोर पुरुष होऊन गेले. ते ख्रिस्ती नव्हते, परंतु सत्य कोणाच्याही मुखातून आले तरी ते देवाकडूनच येते, ही आपली परंपरा आहे.

पहिले महात्मा जोतीराव फुले. १८८८ च्या मार्च महिन्यात पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. निमंत्रित मंडळी भरजरी पोशाखात आली होती. जोतीराव मात्र गरीब शेतकऱ्याच्या वेषात तेथे गेले आणि भाषणात सांगितले, की या थाटावरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खरा हिंदुस्थान खेड्यांत आहे. आपल्या घरच्या वस्त्राची लाज वाटू न देण्याचे धैर्य म्हणजे काय, ते त्या दिवशी दिसले.

दुसरे आपल्या वऱ्हाडचे संत गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी त्यांचा जन्म झाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि डोक्यावर मडक्याचा तुकडा. पण या चिंध्या नेसणाऱ्या माणसाने गावोगावचे रस्ते झाडले. घाणीत राहा, असे तो कधी म्हणाला नाही. त्याच्या कीर्तनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येई. जेवायचे ताट मोडा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. वस्त्रावरचा खर्च आणि लेकराचे भवितव्य यांचा हिशेब इतक्या सरळ शब्दांत दुसऱ्या कोणी मांडलेला आम्हांस ठाऊक नाही.

तिसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२७ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस महाड येथे सत्याग्रह परिषद भरली होती. ती आटोपल्यावर त्यांनी जमलेल्या अस्पृश्य भगिनींपुढे भाषण केले. लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून नेसण्याची रीत, हातभर कथलाचे आणि चांदीचे दागिने, ही सारी तुमची अस्पृश्यता दुरून ओळखू यावी म्हणून चालत आलेली खूण आहे. ती टाकून द्या. लुगडे वेगळ्या रीतीने नेसायला पैसा लागत नाही. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असावे. आणि लेकरांना शिकवा, मुलींनाही शिकवा. असा त्या भाषणाचा सारांश होता. दुसऱ्याच दिवशी अनेक भगिनी पायघोळ लुगडे नेसून बाहेर पडल्या. एका रात्रीत शेकडो लेकरांनी आपली आई वेगळी पाहिली.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेतही बाबासाहेबांनी हजारो मातांना स्वच्छतेचे, व्यसनांपासून दूर राहण्याचे आणि मुलांच्या शिक्षणाचे महत्त्व सांगितले. मुलांच्या मनात आपण मोठे होणार ही आकांक्षा रुजवा, न्यूनगंड काढून टाका, असे त्यांचे आग्रहाचे सांगणे होते. आपल्या भंडाऱ्याशीही त्यांचा संबंध आला. १९५४ साली येथील लोकसभेच्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले आणि पराभूत झाले. निवडणूक ते हरले, पण मळकी धोतरे नेसलेल्या कितीतरी बापांनी कोटातला हा आपला माणूस पाहिला आणि आपल्या मुलांना दाखवला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी लाखो लोक शुभ्र वस्त्रे लेऊन आले. ती शुभ्र वस्त्रे पाहून आम्हां ख्रिस्ती लोकांना बाप्तिस्म्याचे शुभ्र वस्त्र आठवल्यावाचून राहत नाही. जुने जिणे उतरवले, नवे ल्यालो, हीच त्या दोन्ही वस्त्रांची भाषा आहे.

या तिघांत एकाने गरिबाचे वस्त्र ल्यायले, एकाने चिंध्या पांघरल्या, एकाने कोट घातला. मग त्यांचा धडा एक कसा? तिघांनीही वस्त्राला माणसाहून मोठे होऊ दिले नाही, म्हणून. जोतीरावांचे शेतकरी वस्त्र आणि बाबासाहेबांचा कोट ही दोन्ही एकाच वाक्याची दोन रूपे आहेत: कपड्यावरून माझ्या माणसांची किंमत करू नका.

देवमंदिरातले वस्त्र

आता आपल्या देवमंदिराकडे वळू. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत पुरुषांनी उघड्या डोक्याने आणि स्त्रियांनी डोके झाकून मिस्साला यावे असा नियम होता. युरोपात त्यासाठी जाळीची ओढणी लागे. आपल्या मातांना वेगळे काही घ्यावे लागले नाही, कारण पदर होताच. १९८३ च्या संहितेत हा नियम नाही. आज एखादी भगिनी पदर घेते ती प्रेमाने आणि परंपरेने घेते. न घेणारीला त्यावरून बोल लावण्याचा अधिकार कोणास नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर १९६९ साली रोमने भारतीय बिशपांच्या विनंतीवरून उपासनेत काही भारतीय पद्धती वापरण्यास संमती दिली. पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार करणे, धर्मगुरूने साधा झगा आणि त्यावर अंगवस्त्र घेणे, या गोष्टी त्यांत होत्या. आम्हांस त्यातली पादत्राणांची गोष्ट विशेष वाटते. सगळ्यांनीच जोडे बाहेर काढले, की कोणाच्या पायांत बूट होते आणि कोणाच्या पायांत काहीच नव्हते हे आत कळत नाही. जमिनीवर बसले, की पुढचे बाक आणि मागचे बाक हा भेदही उरत नाही. संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जी चूक दाखवली, म्हणजे सोन्याची अंगठी आणि झगझगीत वस्त्रे घालून आलेल्याला मानाची जागा आणि फाटक्या वस्त्रातल्या गरिबाला पायांपाशी जागा, ती चूक करायला तेथे वावच राहत नाही. ती चूक आम्ही केली होती, हे प्रारंभीच कबूल केले आहे.

मग आईबापांनी काय करावे?

याच विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्र प्रसिद्ध केले. आईबाप हे मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक होत, हे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. पहिला शिक्षक वर्गात काय घालून येतो, हाही शिकवणीचाच भाग असतो. या साऱ्या इतिहासातून आम्हांस जे उमगले ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, हा धडा बापापासून सुरू व्हावा. आपल्या धर्मग्रामांत आम्ही पाहतो, की लेकीच्या ओढणीवर लक्ष ठेवणारा बाप स्वतः बनियन आणि लुंगीवर चौकात पत्ते कुटत बसतो, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या सदऱ्याने शाळेत जातो. मर्यादा ही फक्त मुलींसाठी असते असे मग मुलगा शिकतो, आणि मर्यादा ही शिक्षा असते असे मुलगी शिकते. क्रिसोस्तोमाने बापांना प्रथम बोलावले ते उगीच नव्हे.

दुसरी गोष्ट, श्रमाच्या वस्त्राची लाज लेकरांपुढे कधी दाखवू नये. बांधीतून आलेले चिखलाचे लुगडे, विडी वळताना तंबाखूच्या वासाने भरलेला पदर, गवंड्याचा सिमेंटने पांढरा झालेला पायजमा, यांवर घरचे अन्न शिजते. 'आपण गरीब, आपल्याला कोण विचारतो' असे म्हणत जी माता शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहते, ती लेकराला फाटकाबाहेर राहायलाच शिकवते. तिने आत यावे. हातपाय धुऊन, केस विंचरून, आहे ते लुगडे नीट नेसून, ताठ मानेने आत यावे.

तिसरी गोष्ट, ऐपतीबाहेरचा थाट ही लेकरांची चोरी आहे. बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर, दृढीकरण, लग्न, अशा एकेका संस्कारासाठी कपड्यांवर जो खर्च होतो, आणि पुढे मोबाईलवरच्या छायाचित्रांत तो मिरवला जातो, त्याचे हप्ते फेडताना शाळेची फी थकते. ही गोष्ट आम्ही ऐकीव सांगत नाही. धर्मग्रामाच्या मदतपेटीकडे हात पसरणारी काही कुटुंबे याच वाटेने आलेली आम्ही पाहिली आहेत. बाप्तिस्म्याचे पांढरे वस्त्र सुती असले तरी ते पांढरेच असते. अनेक धर्मग्रामांत प्रथम ख्रिस्तशरीरासाठी सर्व मुलांना एकसारखा साधा पांढरा पोशाख ठरवून देतात. ही प्रथा सर्वत्र पडावी असे आम्हांस मनापासून वाटते.

चौथी गोष्ट आमच्यासारख्या धर्मगुरूंसाठी आहे. व्यासपीठावरून कपड्यांविषयी बोलणे सोपे असते. त्या मातेची घटना घडल्यानंतरही आमची जीभ पुरती ताब्यात आली नव्हती. पुढे दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही एका रविवारी 'देवाघरी येताना चांगले कपडे घालून या' असे जरा कडक शब्दांत सांगितले. विडी वळून पोट भरणारी एक विधवा त्यानंतर तीन रविवार दिसली नाही. घरी गेलो तेव्हा कळले, की तिच्याकडे बाहेर नेसण्याजोगी एकच साडी होती. ती थोरल्या लेकीने कॉलेजला जाताना नेसून नेली होती, रविवारी ती धुऊन वाळत असे. आमचे शब्द श्रीमंतांच्या कानांवरून गेले होते आणि एका विधवेला जाऊन लागले होते. चांगले कपडे म्हणजे काय, हे सांगण्यापूर्वी कोणाकडे किती कपडे आहेत हे धर्मगुरूला ठाऊक असले पाहिजे.

आणि अखेरची गोष्ट. आपण मुलांना वस्त्रांविषयी जे शिकवतो, ते बोलण्याने फार थोडे शिकवतो. बाप पाहुण्याच्या जोड्यांकडे पाहून त्याला खुर्ची देतो की नाही, आई मोलकरणीच्या फाटक्या पदराकडे कोणत्या नजरेने पाहते, देवमंदिरात शेजारी मळक्या सदऱ्याचा माणूस बसला तर आपण सरकून जागा देतो की सरकून दूर जातो, हे लेकरू टिपत असते.

प्रारंभीच्या मुलाविषयी वाचकांस उत्सुकता असेल. तो शिकला, नोकरीला लागला. आमची त्या धर्मग्रामातून बदली झाली होती. काही वर्षांनी त्याच्या लग्नाच्या मिस्साला आम्हांस बोलावणे आले. आई नवी साडी नेसून आली असेल असे आम्हांस वाटले होते. ती लुगड्यातच होती, नव्या कोऱ्या, हिरव्या काठाच्या. आम्ही काही विचारले नाही. तीच आपणहून म्हणाली, "त्यानंच आणला जी, फादर. म्हणे, आई, तू हाच नेस."

त्या दिवशी पुढच्या बाकावर तिला आम्ही बसवले नाही. तिच्या मुलाने हात धरून तिला बसवले.